नोटीस कोणाला, बंदोबस्त कोणासाठी?



वेचणी ऐन भरात होती. आमच्या एका कार्यकर्त्याच्या दारात पोलीस शिपाई येऊन उभा राहिला. कार्यकर्ता वावरात, बायको वेचणीला, घरात एकटी म्हातारी आई. शिपायाने कागद पुढे केला, आईचा अंगठा घेतला आणि फटफटीला लाथ मारून निघून गेला. कागदात काय आहे हे म्हातारीला कोण सांगणार? त्या घराण्यात ठाण्याची पायरी कोणी चढलेले नाही. दिवेलागणीपर्यंत ती उंबऱ्यात बसून होती. पोराचा गुन्हा एवढाच, की कापसाच्या भावासाठी तहसील कचेरीपुढे धरणे धरणार असल्याचा जो अर्ज गावाने दिला, त्यावर पहिली सही त्याची होती.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात एका शेतकऱ्याची सोयाबीनची सुडी रात्रीतून कोणीतरी पेटवून दिली. वर्षाची कमाई सकाळी राख झालेली. तो ठाण्यात गेला. साहेब बंदोबस्तावर आहेत, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशीही साहेब बंदोबस्तावरच. बंदोबस्त कशाचा? तर आमच्या धरण्याचा. तिसऱ्या दिवशी राखेवर पाऊस पडून गेला आणि मग पंचनामा झाला.

ठाण्याचे नाव आम्ही छापत नाही. छापून उपयोगही नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपलेच ठाणे वाटणार आहे.

पोलीस नकोत, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. शहरातले काही विद्वान तसे म्हणतात. त्यांच्या विहिरीवरची मोटार कधी चोरीला गेलेली नसते. बोगस बियाण्याच्या पिशव्या विकून दुकानदार पसार होतो तेव्हा आम्हाला पोलीस हवा असतो. कापूस मोजून घेतलेला व्यापारी पैसे न देता रातोरात गाव सोडतो तेव्हा हवा असतो. सुडी पेटते तेव्हा तर हवाच असतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात शिल्लक नसते, त्यामुळे एका चोरीने त्याचे वर्ष बुडते. सत्तेने आपले काम करावे ही मागणी आमच्याइतकी कोणाला निकडीची नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या दिवशी आम्ही फिर्यादी असतो त्या दिवशी सरकार दुबळे असते, आणि ज्या दिवशी आम्ही भाव मागतो त्या दिवशी तेच सरकार पहिलवान होते.

याचा पुरावा शोधायला मुंबई-दिल्लीला जायला नको. आपल्याच जिल्ह्यातले खामगाव घ्या. २००६ साली एका शेतकऱ्याने भरमसाट व्याज घेणाऱ्या सावकाराविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. सावकाराच्या घरात आमदारकी होती. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून ठाण्यात फोन आला आणि त्या फोनची नोंद ठाण्याच्याच डायरीत झाली. ती नोंद करणाऱ्या पोलिसाला आमचा रामराम! पुढे जिल्हाधिकाऱ्यांनाही सांगण्यात आले, की या घराण्याविरुद्धच्या तक्रारी आधी सावकारीविरोधी समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलाचे मत घ्या आणि मगच पुढे बघा. इतर कोणत्याही सावकारासाठी हा नियम नव्हता. शेतकरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. खंडपीठाने सरकारला पंचवीस हजारांचा दंड लावला. सरकार मुकाट्याने भरते तर प्रकरण तिथेच संपते. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ डिसेंबर २०१० रोजी त्या न्यायालयाने दंडाची रक्कम दहा लाख केली. तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी तपासाच्या कामात केलेला हस्तक्षेप घटनेला धरून नव्हता, असे निकालात स्पष्ट लिहिले आहे.

या निकालातला मुद्दा आमच्या बैठकांत पुन्हा पुन्हा सांगायला हवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवणे ही ठाणेदाराची मर्जी नाही, त्याचे कर्तव्य आहे. मुख्यमंत्रीसुद्धा त्याला थांबवू शकत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिताकुमारी खटल्यात हेच पक्के केले.

आता दुसरी बाजू पाहा. भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला या राज्यात आणि शेजारी काय मिळाले? निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी मार्च १९८१ मध्ये पुणे-बंगलोर रस्त्यावर ठिय्या मांडला. तीन आठवड्यांहून अधिक काळ हजारो शेतकरी शिस्तीत बसले होते. ६ एप्रिलला कर्नाटक पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यात, कापूस आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी मेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, मावळात बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि तिघे गेले, त्यात एक बाई होती. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. मरणाऱ्यांत बायका आणि लेकरे फार. मोर्चाला भेटायला वेळेवर एक मंत्री बाहेर आला असता तर? त्या जागी आज उड्डाणपूल आहे आणि त्याला शहीद गोवारी असे नाव आहे. माणसे मेल्यावर त्यांच्या नावाचा पूल बांधणे सरकारला सोपे जाते, जिवंतपणी त्यांचे निवेदन घेणे जड जाते.

आणि आपला कापूस! १९७१ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली. १९७२ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आपल्याच वावरातला, आपल्याच घामाचा कापूस सरकारशिवाय दुसऱ्याला विकणे हा गुन्हा झाला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात भाव बरा मिळत असेल, तरी बैलगाडी तिकडे वळवली की चोरटी वाहतूक. नाक्यावर पोलीस बसले. दारूसाठी, गांजासाठी नाका असतो हे समजू शकते; पांढऱ्या सोन्यासाठी नाका आणि तोही पिकवणाऱ्याला धरण्यासाठी! वीसेक वर्षांपूर्वी हा प्रकार संपला, पण आमच्या पिढीच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. सरकारने आमच्या मालावर हात ठेवला की त्या हातामागून लाठी येते. भावाचा प्रश्न आणि नागरिक स्वातंत्र्याचा प्रश्न हे दोन नाहीत, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, सीमेच्या नाक्यावर शिकलो.

साखरखेर्ड्याच्या शिवारात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामाची सत्ता दख्खनमध्ये पक्की झाली, गावाचे नाव काही काळ फतेहखेर्डा झाले. रयतेचा सारा मात्र तिला भरावाच लागला. राज्य बदलले, पाटी बदलली, वसुलीला येणारा घोडेस्वार तोच. १९५० साली घटना आली तेव्हा पहिल्यांदा असे लिहिले गेले, की घोडेस्वारालाही कारण सांगावे लागेल. एकोणिसाव्या कलमात बोलण्याचा, शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा, देशभर फिरण्याचा हक्क आहे. त्यावर सरकार वाजवी बंधने घालू शकते, हेही तिथेच लिहिले आहे. सारे भांडण त्या ‘वाजवी’ या एका शब्दावर आहे.

वाजवी कशाला म्हणायचे? सरकारी उत्तर असे असते, की साहेबांना वाटेल ते. जिल्ह्यात सणवार, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, काहीही असले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाचा मनाई हुकूम निघतो आणि पाचपेक्षा जास्त लोक एकत्र येणे बंद होते. हा हुकूम राज्य शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांवर चालत नाही. म्हणून एक संपला की दुसरा निघतो. काही जिल्ह्यांत वर्षातले कोरे दिवस शोधावे लागतात. लग्नाच्या वरातीला हुकूम लागू नाही, शेतकऱ्याच्या धरण्याला लागू. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये जुन्या १४४ कलमाबद्दल बजावले, की रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी ते वापरता येणार नाही, आणि हुकूम काढला तर कारणांसह प्रसिद्ध केला पाहिजे. ते कलम आता १६३ झाले. निकाल आकडा बदलल्याने बदलत नाही.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. सरकार सांगते, हे कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे, साध्या माणसाने भिण्याचे कारण नाही. मंत्र्यांच्या शब्दावर आम्ही अविश्वास दाखवत नाही; पण मंत्री बदलतात आणि कायदा चालतो तो कलमात छापलेल्या शब्दांवर. तिथे बेकायदा कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणे हेही घातले आहे. संघटना एकदा बेकायदा जाहीर झाली की सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करील, सल्लागार मंडळ राहील, अशा दुरुस्त्या संयुक्त समितीत झाल्या, ते चांगले झाले. व्याख्या मात्र राहिली. १९८५ चा टाडा पंजाबच्या अतिरेक्यांसाठी आणला होता. पुढे दहशतवादाची झळ नसलेल्या गुजरातेत हजारोंनी अटका झाल्या. १९९५ साली तो कायदा लोपला, पण आत घातलेल्यांची वर्षे कोणी परत दिली नाहीत.

कायद्याची अवज्ञा! १९३० साली अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून वऱ्हाडच्या लोकांनी कायदा मोडला, त्याला आपण अभिमानाने सत्याग्रह म्हणतो, शाळेत शिकवतो. त्याच अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेले तणनाशकरोधक कापसाचे बियाणे दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून पेरले. गुन्हे नोंदले गेले. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ते बियाणे चांगले की वाईट, यावर आमच्या कार्यकर्त्यांतच दोन मते आहेत. निंदणाची मजुरी परवडत नाही हे खरे, आणि एकाच तणनाशकावर विसंबले की पुढे तणच त्याला दाद देईनासे होते हेही शेतीशास्त्रात शिकलेले खरे. हा वाद प्रयोगाच्या वाफ्यात मिटेल, कोठडीत नाही. पण सत्याग्रहाची रीत पाहा. तोंड लपवलेले नाही, कोणाला इजा नाही, आणि शिक्षेची तयारी. अशा अवज्ञेला आणि बंदुकीला एकाच गोणीत भरणारा कायदा वाजवी नव्हे, एवढे आमचे म्हणणे आहे.

इथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्यांना आता थोडे कडू सांगायचे आहे. आम्हीही दरवेळी घटनेला धरून वागतो असे नाही. जून २०१७ च्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतले गेले. स्वतःचे ओतणाऱ्याचे दुःख आम्ही जाणतो. पण काही ठिकाणी दुसऱ्याच्या टेम्पोतले कॅनही उलटे केले गेले, आणि ते कॅनही कुठल्यातरी शेतकऱ्याचेच होते. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी वीस लाखांचा दंड केला, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण खूश झाले होते. तो नियम आपल्यालाही लागतो. दुकानदाराने पाठिंबा म्हणून शटर ओढले तर तो बंद. आपण दगड दाखवून ओढायला लावले तर ती गुंडगिरी, मग कपाळाला बिल्ला कोणताही असो.

रास्ता रोकोचेही तसेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूरजवळ महामार्ग अडवला. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि रस्ता मोकळा करण्याचा हुकूम दिला. त्यानंतर सरकार चर्चेला बसले. आमच्यात यावर कडाक्याचे भांडण झाले. एक जण म्हणाला, रस्ता अडवल्याशिवाय या सरकारला कान फुटत नाहीत. दुसऱ्याने विचारले, अडकलेल्या गाडीत तुझी बाळंतीण लेक असती तर? दोघेही खरे बोलत होते. आमचा कौल असा, की रस्ता अडवायचाच झाला तर वेळ आधी जाहीर करावी, ती तासांत मोजावी, आणि रुग्णवाहिकेसाठी एक बाजू सोडायला आपलाच माणूस काठीशिवाय उभा करावा. पुढाऱ्यांना गावबंदीच्या पाट्यांबद्दलही आम्हाला आता पूर्वीसारखे वाटत नाही. फिरण्याचा हक्क नालायक पुढाऱ्यालाही आहे. त्याला गावात येऊ द्यावे, पारावर बसवावे आणि २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर करून झाल्यावर त्याच ऑगस्टात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क कोणासाठी उठवले, हे चार माणसांत विचारावे. हे गावबंदीपेक्षा त्याला जास्त जड जाते.

बंदोबस्ताच्या रांगेत उभा असलेला पोरगाही आपलाच. त्याचा बाप जिनिंगच्या दारात गाडी लावून बसलेला असतो. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आणि पीकविम्यासाठी रविकांत तुपकरांनी बुलढाण्यात आंदोलन केले, लाठीमार झाला, ते आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. त्या दिवशी मारणारे हात आणि मार खाणाऱ्या पाठी यांत एका पिढीचेही अंतर नव्हते. म्हणून शिपायाला शिव्या देऊ नका. हुकूम कोणी दिला ते विचारा, लेखी मागा.

आता त्या नोटिशीचे काय करायचे? १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुन्या १४९ ची नोटीस १६८ ची झाली. ती अटकेचे वॉरंट नाही आणि सभेवरची बंदीही नाही. ती घ्यावी, न घेतल्याने फायदा नाही. तारीख आणि वेळ टाकून सही करावी, एक प्रत मागून ठेवावी, आणि दुसऱ्याच दिवशी लेखी उत्तर द्यावे, की आमचे धरणे शांततेचे आहे, अर्ज अमुक तारखेला दिला, त्याची पोच सोबत जोडली आहे. घरच्या बायामाणसांना हे आधी समजावून ठेवा. त्या म्हातारीला कोणी समजावले नव्हते, ही चूक आमची.

आदल्या रात्री उचलून नेले तर? जुने १५१, आताचे १७० कलम लावतात. त्यात चोवीस तासांच्या वर ठेवायचे तर दुसरे कायदेशीर कारण लागते. अटकेचे कारण सांगणे, घरच्या एका माणसाला किंवा स्नेह्याला कळवणे आणि वकिलाला भेटू देणे बंधनकारक आहे. हे नियम डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिले गेले आणि आता संहितेतच आहेत. बाईला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी सहसा अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. पुढे तहसीलदारापुढे चॅप्टर केस उभी राहते आणि हमीपत्रावर सही मागतात. घाईने करू नका. त्या कागदाने तुम्ही वर्षभरासाठी बांधले जाऊ शकता, आणि पुढच्या हंगामात तोच कागद तुमच्यापुढे नाचवला जातो. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, तो मागायला लाजू नका.

आणि सुडी जळाली, मोटार गेली, व्यापारी पळाला, तर तोंडी सांगून परत येऊ नका. तक्रार लिहून द्या, फिर्यादीची प्रत फुकट मिळते ती घ्या. नोंदवून घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तरीही हलले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा. खामगावच्या प्रकरणातला शेतकरी दिल्लीपर्यंत पोचला.

साखरखेर्ड्याच्या बैठकीत या विषयाला पूर्ण सकाळ ठेवली आहे. कोणाच्या घरी नोटीस, समन्स, चॅप्टर केसचा कागद आला असेल, किंवा ठाण्याने तक्रार घेतली नसेल, त्यांनी मूळ कागद आणि एक झेरॉक्स घेऊन यावे. वकील मंडळी येतील, प्रत्येकाचा कागद तिथेच वाचून सांगतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना सोबत आणावे, म्हणजे पुढचा कागद घरीच वाचला जाईल.